दाल्मिराच्या उरलेल्या तीन सुरुवाती

दाल्मिरा सोरियाच्या नेटबुकात आता तीनच सुरुवाती उरल्या होत्या. लास तुस्कासमधल्या अकराच्या अकरा घरांना हा आकडा ठाऊक होता. कुणाच्या तळ्यात किती पाणी आहे, कुणाची शेळी कधी विणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तसाच. वाटेत गाठ पडली की लोक ख्यालीखुशाली विचारायच्या आधी विचारत, "किती?" दाल्मिरा तीन बोटं दाखवायची आणि पुढं चालू लागायची.

सरकारनं एके काळी शाळेतल्या प्रत्येक पोराला असं एकेक नेटबुक, म्हणजे छोटं संगणकयंत्र, वाटलं होतं. चोरीला जाऊ नये म्हणून त्यात कुलूप घातलेलं. दर काही आठवड्यांनी यंत्र शाळेत न्यायचं, तिथल्या मोठ्या संगणकाला त्यानं हजेरी द्यायची. हजेरी चुकली की ते सुरुवाती मोजायला लागायचं. चालू करावं तर आधी काळ्या पडद्यावर एक पांढरा आकडा यायचा, दर खेपेला एकानं कमी. शून्य आल्यावर एकदा बंद केलं की संपलं. पुढं ते यंत्र नाही, धोंडा.

हजेरी द्यायला कुणाची ना नव्हती. पण शाळेतला मोठा संगणकच वीज पडून जळाला, आणि योजना त्याच्याही आधी गुंडाळली गेली होती. वाटपाच्या दिवशी फीत कापायला चार मोटारी आल्या होत्या. दुरुस्तीला सायकलवरूनसुद्धा कुणी आलं नाही. आता त्या मुलखात घरोघर मेलेली नेटबुकं पडली होती. कुणी दाराला टेकण म्हणून लावलं, कुणी त्याच्या पाठीवर चीज कापायचं. तालुक्याच्या बाजारात एक जण कुलूप तोडून द्यायचा, पण तोडताना आतलं सगळं पुसलं जायचं. आणि दाल्मिराच्या यंत्रातून आतलं वजा केलं तर उरत काय होतं?

दाल्मिरा चोपन्न वर्षांची. शाळा तिसरीपर्यंत. नवरा मक्याच्या हंगामाला दक्षिणेकडं गेला आणि तिकडंच दुसऱ्या चुलीपाशी बसला. तेव्हापासून शेळ्या, कोळशाची भट्टी आणि बहिणीची अनाथ पोर मारिसेल, हे सगळं तिनं एकटीनं ओढलं. यंत्र मारिसेलचं. शिक्षण संपवून पोरगी ब्युनोस आयर्सला लोकांच्या घरी कामाला गेली, तेव्हा यंत्र मागं ठेवून गेली. "मावशी, हे तिकडं काढलं तर लोक हसतील," म्हणाली. दाल्मिराला तो शब्द लागला. ज्याला शहर हसतं ते आपल्या कामाचं असणार, असं तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

शिकवायला कोण होतं? कुणी नाही. बटणं पोरांच्या बोटांच्या मापाची, आणि कोळसा फोडून जाड झालेलं दाल्मिराचं एक बोट एका वेळी दोन अक्षरं दाबायचं. म्हणून ती पेन्सिलीच्या बोथट टोकानं टायपायची. यंत्राचे गुणही तिनं तसेच एकेक करून शोधले. पोसलेल्या कोंबडीएवढं वजन. घोड्यावरून दोनदा पडलं, फुटलं नाही. टोपलीत चीजच्या फडक्याखाली बसायचं. नाक्यावरच्या पोलिसांनी तीनदा टोपली उचकटली आणि तीनही वेळा चीज घेऊन यंत्र ठेवलं. नवं होतं तेव्हा त्याची बॅटरी दिवसभर टिकायची. आता ती फुगून मेली होती, म्हणून ते मोटारसायकलच्या बॅटरीवर चालायचं, दोन तारा आणि दोन चिमटे लावून. तार निसटली की बंद. बंद झालं की एक सुरुवात गेली.

आणि कॅमेरा! तो कुणीतरी चेष्टेनंच बसवला असावा. पडद्याच्या वर मसुराएवढं भोक, आणि ते बघणार फक्त वापरणाऱ्याच्या तोंडाकडं. विहिरीचा फोटो हवा तर विहिरीकडं पाठ करून उभं राहायचं, यंत्र तोंडासमोर धरायचं आणि आपल्या खांद्यावरून मागची विहीर पडद्यात शोधायची. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून समोर दुसऱ्या कुणीतरी घोंगडी ताणून सावली करायची. हे घोंगडीचं काम त्रान्सितो ब्राव्होचं. त्रान्सितो बहात्तर वर्षांचा, शेजारच्या वाडीत एकटा राहणारा, मारिसेलचा धर्मपिता, म्हणजे बारशाच्या वेळी मानलेला बाप; म्हणून दाल्मिरा त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे.

"कोमाद्रे, न्यायाधीशाला विहीर दाखवायचीय की तुझं नाक?"

"नाकाच्या मागं बघ म्हणावं त्याला. तू घोंगडी सरळ धर. हात लटपटतायत तुझे."

"लटपटणार नाहीत तर काय! फोटो काढून विचार करत बसतेस."

"मी नाही, ती बसते." यंत्राला ती दोघं धाकटी म्हणायची. एक फोटो काढला की धाकटी दहा दहा मिनिटं गप्प व्हायची, पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं.

अशा रीतीनं सहा वर्षांत तीन हजारांवर फोटो झाले. विहिरी, कोंडवाडे, हातानं खणलेली तळी, भट्ट्या, कबरी, झाडाखालच्या बाजा, कुणाच्या बापानं लावलेलं शेंगांचं झाड. जुन्या बारशांच्या, लग्नांच्या फोटोंचे फोटो. आणि प्रत्येकात एका कोपऱ्यात दाल्मिराचं अर्धं तोंड, खाली पेन्सिलीच्या टोकानं टायपलेलं, काय आहे आणि कुणाचं.

हे कशासाठी, ते लास तुस्कासमध्ये पोराटोरांना ठाऊक होतं. वीस वर्षं एका जमिनीवर उघडपणे राहिलात, कसलीत, तर कायदा म्हणतो ती तुमची. अकरा घरांतले बहुतेक तिथंच जन्मलेले. पण कागद कुणाकडंच नाही. कागद आला तो जमिनी घेत सुटलेल्या एका कंपनीकडून, कुठल्याशा मेलेल्या जमीनदाराच्या नातवाकडून विकत घेतलेला, आणि कागदापाठोपाठ हद्दीचे, पांढऱ्या डोक्यांचे खांब आले. रानाच्या कडेनं ते रोवत रोवत येऊ लागले. मग कोर्ट. दाल्मिरानं आधी वानगीदाखल बारा फोटो दिले. कंपनीचा वकील म्हणाला, तारखा खोट्या असतील, काय भरवसा. न्यायाधीशानं सांगितलं, मूळ यंत्र आणा, माझ्यासमोर चालू करा, त्यातून काढलेलंच मी मानीन. तारीख चार महिन्यांनंतरची पडली.

शेतकरी संघटनेच्या वकीलबाई लेदेस्मा, तिशीतली हुशार बाई, म्हणाल्या होत्या की लवकरची तारीख मागू, कारण काहीतरी लिहू. दाल्मिरा उसळली होती. "काहीतरी कशाला? खरं ते लिहा. लिहा की यंत्रात नऊ सुरुवाती उरल्यात. आम्हाला लपवायचंय काय?"

तसं लिहिलं गेलं. तारीख दोन महिने अलीकडं आली. दाल्मिरा छाती पुढं काढून घरी परतली.

त्यानंतर आठच दिवसांत कुंपणाची तार तोडलेली सापडली. तिनं फोटो काढला. आठ. मग पांढऱ्या डोक्यांचे तीन खांब थेट कबरस्तानात. सात. मग निकासिया गाल्योच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास. फोटो काढताना तार निसटली, पुन्हा चालू करावं लागलं. सहा, पाच. मग त्रान्सितोच्या फाटकापुढं ओळीनं मांडलेले रिकामे डबे. कशाचे, कशासाठी, काही कळलं नाही. चार. तळ्याच्या बांधाला पहारीनं पाडलेलं भगदाड. तीन. सगळं घडायचं ते दुपारी, दोनच्या सुमाराला, जेव्हा डिसेंबरच्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्याच्या, त्या उन्हात कुत्रंदेखील सावली सोडत नाही आणि माणसं दारं लोटून झोपलेली असतात. त्या वेळी कुणाच्या घरी जाणं हा तिकडं अपमान मानतात. म्हणूनच त्यांनी ती वेळ निवडली होती.

कंपनीची पांढरी पिकअपही त्याच वेळी यायची. फाट्यावरच्या क्वेब्राचोच्या झाडाखाली उभी राहायची, इंजिन चालू ठेवून. कुणी उतरायचं नाही. तासाभरानं निघून जायची. बस्स, एवढंच.

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी दाल्मिरा झोपेतून उठली ती घंटेच्या आवाजानं. तिच्या म्होरक्या शेळीची घंटा. शेळी इतक्या लवकर घरी कशी, म्हणून ती बाहेर आली. घंटा फाटकाला बांधलेली होती, नव्याकोऱ्या तारेनं, नीट पीळ देऊन. वारा आला की वाजत होती. शेळी नव्हती. रक्त नव्हतं, केस नव्हता, मातीत खूर उमटलेला नव्हता.

तिनं त्रान्सितोला हाक मारली, धाकटीला बाहेर काढलं, चिमटे लावले. पडद्यावर आकडा आला: दोन. ती फाटकाकडं पाठ करून उभी राहिली. त्रान्सितोनं समोरून घोंगडी ताणली. पडद्यात आधी तिचं स्वतःचं कपाळ, मग घंटा, आणि घंटेच्या मागं, फाटकापलीकडं, टोपी घातलेला एक माणूस.

"हलू नकोस," त्रान्सितो ओठ न हलवता म्हणाला. त्याचं तोंड फाटकाकडं होतं. "ओव्हिएदो आलाय. काढ फोटो."

ओव्हिएदो कंपनीचा मुकादम. तो कधी आवाज चढवायचा नाही, बायकांशी दोन्या, म्हणजे बाईसाहेब, असंच बोलायचा. धाकटीचं चक्र फिरून थांबेपर्यंत तोही थांबला.

"झालं का, दोन्या दाल्मिरा? नीट आलं ना माझं? टोपी काढू?"

"टोपी राहू दे. शेळी काढ. कुठंय माझी शेळी?"

"कुठली शेळी? मी आपला रस्त्यानं चाललो होतो." त्यानं एका बोटानं घंटा थांबवली. "माझ्या पोरीकडंही हेच यंत्र होतं बघा. गरीब बिचारं. मंद, पण पडलं-झडलं तरी तक्रार नाही. खोड एकच, मोजत बसतं." मग जराशानं त्यानं विचारलं, "दोन ना आता?"

दाल्मिरानं धाकटी छातीशी धरली. ती वळली. "तुला रे काय करायचंय?"

"मला काय करायचं असणार? आम्हाला घाई नाही, दोन्या. शुक्रवार अजून लांब आहे." टोपीला हात लावून तो पिकअपकडं चालत गेला.

तो गेल्यावर दाल्मिरा उंबऱ्यावर बसली आणि मागचं एकेक मोजू लागली. तार. खांब. डिझेल. डबे. बांध. घंटा. त्यांना ना कुंपण तोडायचं होतं, ना विहीर नासवायची होती. त्यांना धाकटी चालू करवून घ्यायची होती. ते फाटकाशी काहीबाही टाकत होते आणि ती प्रत्येक वेळी उठून एक सुरुवात त्यांच्या हातात देत होती. आणि नऊ हा आकडा त्यांना सांगितला कुणी? कोर्टाच्या कागदाची प्रत दोन्ही बाजूंना जाते. लिहायला लावणारी कोण, तर हीच, छाती पुढं काढून.

"गाढवी," ती स्वतःला मोठ्यानं म्हणाली. "अस्सल गाढवी."

"मी काही बोललो नाही," त्रान्सितो म्हणाला.

"तू बोलूही नकोस. आता काहीही होऊ दे, मी यंत्र उघडणार नाही."

काहीही व्हायला दोनच दिवस लागले. सोमवारी दुपारी निकासियाची कोळशाची भट्टी कुणीतरी पाडली. आत लाकूड रचलेलं होतं, तोंड लिंपून झालं होतं, संध्याकाळी पेटवायची होती. निकासिया चार पोरांची आई, भट्टीवरच तिचं घर चालायचं. ती तशीच मातीनं माखलेल्या हातांनी दाल्मिराच्या अंगणात आली.

"चल. काढ फोटो."

"नाही काढत, निकासिया."

"काय म्हणालीस?"

"त्यांना तेच हवंय. दोनच उरल्यात. एक न्यायाधीशापुढं लागणार, एक हाताशी असावी."

"शेळीच्या घंटेचा काढलास! तुझ्या घंटेचा फोटो निघतो आणि माझी भट्टी काय उकिरडा?"

"घंटेचा काढला तेव्हा मला अक्कल नव्हती."

"आणि आता नेमकी माझ्याच वेळेला आली!" निकासिया थुंकली. "तुझ्या धाकटीला सांभाळ. तिला दूध पाज. आमचं काय, आम्ही पिकलेली माणसं."

दाल्मिरानं धाकटीवर चीजचं फडकं ओढलं आणि टोपली उचलून आत नेली.

बुधवारी, पुन्हा दोनच्या सुमाराला, जमीन थरथरली. आधी वाटलं पावसाचे ढग. पण आभाळ तव्यासारखं कोरडं होतं. बुलडोझर पश्चिमेकडून येत होता, झुडपं मोडत, सरळ त्रान्सितोच्या वाडीकडं. सुनावणीला दोन दिवस असताना. त्रान्सितोचा कोंडवाडा सगळ्यांत जुना, चाळीस वर्षांपूर्वीच्या क्वेब्राचोच्या खांबांचा. अर्जात सगळ्यांत आधी तोच दाखवलेला. तो गेला तर शुक्रवारी त्यांचा वकील विचारणार, कुठला कोंडवाडा? तिथं तर सपाट जमीन आहे.

हा फोटो हवाच होता. हा सोडून भागणार नव्हतं. आणि हा काढला तर एकच उरणार, आणि ती एक न्यायाधीशाच्या टेबलावर धुळीनं, उन्हानं, निसटलेल्या तारेनं वाया गेली तर सहा वर्षं गेली.

दाल्मिरा उंबऱ्यात एक क्षण थांबली. मग तिनं ठरवलं: चालू करायचं, आणि आता बंदच करायचं नाही. शुक्रवारी दहा वाजेपर्यंत नाही.

आकडा आला: एक.

त्रान्सितोनं शेळ्या हाकलून बाहेर काढल्या होत्या. तो घोंगडी घेऊन धावत आला. दाल्मिरा कोंडवाड्यासमोर उभी राहिली, बुलडोझरकडं पाठ करून. दुसरा मार्गच नव्हता. खांद्याला अडकवलेल्या पिशवीत बॅटरी, हातात धाकटी, आणि पडद्यात तिच्या कानामागं तो पिवळा जबडा, आधी काडेपेटीएवढा, मग पेटाऱ्याएवढा.

"कोमाद्रे, बाजूला हो."

"चक्र फिरतंय."

"अगं, बाजूला हो म्हणतो ना!"

"तू घोंगडी धर! चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाहीय मला. दिसतंय का तुला? कोण आहे?"

"अविलाचा धाकटा पोरगा," त्रान्सितो म्हणाला. "आपल्याच गावचा गं. बारशाला आपण गेलो होतो त्याच्या."

दुसरा फोटो. चक्र. पाठीवर इंजिनाची धग जाणवू लागली. पायाखालची माती हलत होती, आणि त्रान्सितो तिच्या डोक्यावरून मागं बघत उभा होता. त्याचे डोळे मोठे होत गेले, पण घोंगडीचे दोन्ही कोपरे त्यानं सोडले नाहीत. तिसरा फोटो. मग डाव्या बाजूनं लोखंड गेलं, हात लांब केला असता तर लागलं असतं एवढ्यावरून, आणि चाळीस वर्षांचे खांब काटक्यांसारखे कडकड मोडले.

धूळ खाली बसली तेव्हा धाकटी चालू होती. पाच फोटो आले होते. शेवटच्यात अविलाच्या पोराचं तोंड स्वच्छ दिसत होतं. तो रडत होता की घामानं भिजला होता, ते त्या पडद्यावर कळत नव्हतं.

पुढचे दोन दिवस दाल्मिरा बसल्या जागेवरून उठली नाही म्हटलं तरी चालेल. एक बॅटरी उतरायच्या आत दुसरीचे चिमटे लावायचे, मगच पहिलीचे काढायचे. चाळीस अंशांवरच्या उन्हात यंत्र तापून करपल्यासारखा वास मारायचं, तेव्हा त्याच्याखाली ओला मातीचा परळ ठेवायचा. लोक मोटारसायकली उभ्या करून बॅटऱ्या काढून आणत होते. पंपाची आली, रेडिओची आली. गुरुवारी सकाळी निकासिया आली, कडेवर पोर घ्यावं तशी बॅटरी घेऊन.

"ही तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "त्रान्सितोसाठी."

"ठेव तिथं."

निकासियानं ठेवली. राखेत भाजलेली भाकर फडक्यातून काढून तिच्या शेजारी टाकली आणि म्हणाली, "खा. मेलीस तर चिमटे कोण लावणार?"

शुक्रवारी वकीलबाईंच्या गाडीतून ती चीजची टोपली मांडीवर घेऊन गेली. टोपलीत बॅटरी, बॅटरीवर धाकटी, चालू. साठ किलोमीटर. प्रत्येक खड्ड्याला ती फडकं उचलून बघायची.

कोर्टाच्या दारात शिपाई उभा होता. "यंत्रं बंद करून आत न्यायची."

"हे बंद होत नाही."

"बंद न होणारं यंत्र नसतं, बाई."

"तुझं तोंड होतं का बंद? मग! न्यायाधीशानं मागवलंय हे. चालू आणलंय, चालूच जाईल."

"ओरडू नका. बॅटऱ्या, तारा, असलं काही चालू आत जात नाही. बंद करा, नाहीतर घरी न्या."

वकीलबाई आत धावल्या, कारकुनाला घेऊन आल्या. कारकुनानं खांदे उडवले. नियम तो नियम. दाल्मिरानं शिपायाला, कारकुनाला, वीज पडलेल्या शाळेला आणि फीत कापणाऱ्या चारही मोटारींना एका दमात जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. मग तिनं पेन्सिलीच्या टोकानं बटण दाबलं. दोन दिवस गुणगुणणारं यंत्र गप्प झालं. एवढ्या शांततेची तिला सवय राहिली नव्हती.

न्यायाधीशाच्या खोलीत भिंतीतल्या विजेवर ते लावलं. टेबलाच्या एका बाजूला दाल्मिरा आणि वकीलबाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचा वकील आणि ओव्हिएदो, टोपी मांडीवर. बटण दाबलं. काळा पडदा. पांढरा आकडा: शून्य. मग काहीच नाही. चक्र. कंपनीच्या वकिलानं घड्याळ पाहिलं. चक्र. ओव्हिएदो पडद्याकडं बघत नव्हता, दाल्मिराकडं बघत होता, घरी आजारी माणूस असलेल्याकडं बघतात तसा चेहरा करून.

आणि ते उघडलं.

सगळं काढून घ्यायला अडीच तास लागले, कारण धाकटीला घाई माहीत नव्हती. तीन हजार एकशे बारा फोटो. न्यायाधीशानं बुधवारचे पाच दोनदा पाहिले आणि तिथल्या तिथं हुकूम लिहिला: निकाल लागेपर्यंत कंपनीनं काम थांबवायचं, कुठल्याही घरापासून पाचशे मीटरच्या आत यायचं नाही. यंत्र लाखेनं बंद करून कपाटात गेलं. वकीलबाईंनी दाल्मिराला मिठी मारली. "जिंकलो, दोन्या दाल्मिरा! आजचं तरी जिंकलो!"

दाल्मिरानं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. नियमानं फोटोंची प्रत दुसऱ्या बाजूलाही मिळाली होती. ओव्हिएदो कारकुनाच्या पडद्यासमोर बसून ती बघत होता, शांतपणे, एकेक. कोंडवाड्यांवर तो थांबत नव्हता. कुठल्या घराला मागचं दार आहे, कुणाची वाट झुडपातून जाते, विहिरीवर कोण एकटं जातं, तिथं थांबत होता.

"हा मागं जरा घ्या," तो कारकुनाला म्हणाला. "ही बाज कुणाची? झाडाखालची?"

"त्रान्सितो ब्राव्हो. इथं लिहिलंय. दुपारी झोपायची जागा."

"हां. त्रान्सितो ब्राव्हो." त्यानं खिशातून कागद काढून लिहून घेतलं. घाई अजिबात नव्हती.

सहा वर्षं तिनं न्यायाधीशासाठी दार न् दार, वाट न् वाट टिपली होती, नावानिशी. पेन्सिलीच्या टोकानं, एकेक अक्षर.

ती लास तुस्कासला पोचली तेव्हा दोन वाजत आले होते. लोक जमलेले होते, कुणीतरी शेळीचं पिल्लू भाजायला घेतलं होतं. ती कुणापाशी थांबली नाही, सरळ त्रान्सितोच्या वाडीत गेली. तो शेंगांच्या झाडाखाली बाजेवर बसून नळीनं येर्बाचा कडू काढा ओढत होता.

"ऊठ. ती बाज आत ने. दुपारी इथं झोपायचं नाही. आत झोप, नाहीतर माझ्याकडं ये, निकासियाकडं जा. जागा बदल."

"का? जिंकलो म्हणतात."

तिनं सांगितलं. ओव्हिएदोनं काय विचारलं, काय लिहून घेतलं, सगळं. त्रान्सितोनं वाटी शेवटच्या थेंबापर्यंत ओढली.

"कोमाद्रे, तू तिथं काय सांगून आलीस? की त्रान्सितो ब्राव्हो चाळीस वर्षं या झाडाखाली, या बाजेवर झोपतो. कागदावर चढलं ना? शिक्का बसला ना?"

"बसला."

"मग आज मी बाज हलवली तर उद्या त्यांचा वकील पाहणीला येईल आणि म्हणेल, बघा, म्हातारा इथं राहतच नाही. सगळं खोटं." तो बाजेवर आडवा झाला, बूट न काढता. "आता मला हलता यायचं नाही. तूच खिळा मारलायस."

पाठीमागं लोकांचं हसणं ऐकू येत होतं. फाट्याच्या दिशेनं इंजिनाचा आवाज आला आणि एका जागी स्थिरावला. पाचशे मीटर म्हणजे कुठवर, हे त्यांनी मोजलेलंच असणार.

दाल्मिरानं त्याच्या घरातून खुर्ची ओढत आणली, बाजेच्या पायथ्याशी ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. थोड्या वेळानं निकासिया दुसरी खुर्ची घेऊन आली आणि काही न विचारता झाडाच्या दुसऱ्या अंगाला, झुडपातल्या वाटेकडं तोंड करून बसली. त्रान्सितोनं डोळे मिटले होते. झोप लागलेली नव्हती, हे दोघींनाही दिसत होतं.